जस्ताची अर्धी गोळी

अहो दीपमालाताई, मोजा की — पाच दिवस, पट्टीतली पाच घरं रिकामी, एक दिवससुद्धा चुकवला नाही मी! तुमच्यासारख्या आशाताईनं घरी येऊन गोळ्यांची पट्टी तपासायची म्हणजे परीक्षाच ना — सातवीनंतर माझी कुणी घेतलीच नाही, म्हणून एवढं हसू येतंय. माझ्या चिमीचं? सकाळपासून चार वेळा शी झाली, पातळच, पण काल सात वेळा होती ना! आणि ही जुलाबावरची गोळी जस्ताची, पण जस्त येतं कुठून, सांगू? माझी नणंद ममता शहाद्याला कॉलेजात जाते, ती म्हणाली — सूर्याहून कितीतरी मोठा तारा, पोटात शिजवत शिजवत लोखंडापर्यंत येतो, अन् लोखंड झालं की चूलच विझते त्याची, मग तो स्वतःवरच कोसळतो आणि असा फुटतो, असा फुटतो, की त्या भडक्यात जस्त तयार होऊन आभाळभर उडतं — तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा नव्हती! म्हटलं, घ्या, आपल्या कळसाडी गावात तारा आला, तोही आशाताईच्या पिशवीतून! सासूबाईंना सांगितलं तर म्हणे, “जस्त तं पत्रास्ले लावतस! चार महिनानी पोरले पत्रा खावाडी ऱ्हायनी का तू?”

पोरीला पत्रा खाऊ घालतेय म्हणे मी! हसा ना ताई. पट्टीकडं काय बघताय? अर्धी — हो, रोज अर्धीच म्हणाला होतात. मग पाच दिवसांत अडीचच संपायला... मी खाल्ल्या. अख्ख्या. नाही, ऐका तर — तारा फुटताना झालेली वस्तू, ती एवढ्याशा पोटात कशी घालू? माझा हातच पुढं होईना. म्हटलं, आधी माझ्यात निवू दे, मग दुधातून उतरेलच की तिच्यात. उतरतं ना? पुरेसं नाही? म्हणजे पाच दिवस मी हसत गोळ्या खातेय, आणि पोर माझी तशीच...

तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून असं बघू नका हो. सुकली नाही ना? नाही म्हणा. हां.

चमचा आणते. दूध मी काढते, गोळी तुम्ही मोडून अर्धी त्यात विरघळवा. अन् दार लोटा, सासूबाई ओट्यावरच आहेत. नको, पाजणार मीच. मीच पाजते. आ कर, चिमे, आ...

शूऽ. बोलू नका ताई. चाटतेय ती.