बाजूला काढलेले फुगवटे

आदरणीय अध्यक्ष नविनभाई, मुख्याध्यापिका वर्षाताई, व्यासपीठावरील मान्यवर, पालक, विद्यार्थी मित्रहो, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपली दक्षा,

एप्रिलातल्या एका सकाळी मी घोलवडला बहिणीकडे होतो. कमळीताई वाडीत चिकू निवडते. शेजारी बसून मीही निवडू लागलो. लहानपणी तेच काम केलं आहे. एक जोडफळ हाताला लागलं, दोन चिकू एकमेकांना चिकटलेले. मी न बघताच ते मागच्या टोपलीत टाकलं. ताई हसली, "मास्तर झालास, पन हात नाय इसरला रे! जुळं यापारी घेतच नाय." मला हसू आलं नाही. ते जोडफळ मी टोपलीतून परत उचलून पाहत बसलो.

का, ते सांगतो. दक्षाला विचारूनच सांगतो आहे.

आपल्याच शाळेत शिकलेली दक्षा उद्या पुण्याला संशोधनासाठी निघते आहे. तिचा विषय दीर्घिकांचा. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची प्रचंड तबकडी. तिच्या मध्यावर फुगवटा असतो, तव्यावरची भाकरी मधेच फुगावी तसा. तो आला कुठून, हा तिचा प्रश्न. गोल असेल, तर बहुधा फार पूर्वी लहान दीर्घिका एकमेकींवर आदळून मिसळल्या, त्यातून तो झाला. पण काही फुगवटे कडेने पाहिले तर भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसतात, मधे चेपलेले. ते बाहेरून आलेले नसतात. तबकडीतल्याच ताऱ्यांचा आधी लांब पट्टा होतो, मग त्यातले तारे वरखाली हेलकावत सावकाश उंच चढतात. घरातच वाढलेलं म्हणा ना.

२०१६ साली, कॉलेजात असताना, तिने दीर्घिकांची अकराशे छायाचित्रं शाळेकडे पाठवली. "सर, आकाराप्रमाणे निवडून द्या." मुलांना घेऊन मी प्रयोगशाळेत बसलो. शेंगेसारखं काही दिसलं की म्हणायचो, "दोन दीर्घिका एकमेकींवर आल्यात, फोटो खराब. बाजूला काढा." मास्तरांवर शंका कोण घेणार? त्या निवडीवर विसंबून दक्षाने लिहिलं, की शेंगेचा आकार क्वचितच आढळतो. त्याच लेखावर तिला पुण्यात घेतलं.

घोलवडहून परतल्यावर मी बाजूला काढलेली चित्रं उघडली. एकशे त्रेचाळीस होती. पुढे वाचनात आलं, की आपण राहतो त्या आकाशगंगेचा फुगवटाही तसाच आहे. म्हणजे तिचं चित्र समोर आलं असतं, तर मी आपल्याच घराला खराब म्हटलं असतं!

मग कुणाला सांगितलं का? नाही. सहा आठवडे गप्प राहिलो. महालक्ष्मीपुढे हात जोडून चक्क मागितलं, की हे कुणाला कळू नये. त्यातच वेवजीच्या नाक्यावर दक्षाचे वडील भेटले. अमृतभाऊ इथे समोरच बसलेत. म्हणाले, "सर, पोर जाते खरी, पन तिकडून परत नाय ना धाडनार?" मी म्हणालो, "छे हो!" अमृतभाऊ, ते मी खोटं बोललो. मला ठाऊक नव्हतं. आजही ठाऊक नाही.

शेवटी परवा दक्षाला बोलावून सगळं दाखवलं. ती बराच वेळ एकेक चित्र पाहत राहिली. मग म्हणाली, "चूक झाली त्याचं काय नाय सर. पण सहा आठवडे? तिथे मला एकटीला उभं करणार होतात?"

मी विचारलं, "पुण्यातल्या तुझ्या मार्गदर्शकांना कळवू?"

"कळवा. पण मी गाडीत बसायच्या आधी."

वर्षाताईंनी मला बोलायला उभं केलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी हे सांगायची वेळ मी आणली. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. निवडीतल्या चुकीसाठी मात्र सांभाळून घ्या असं म्हणणार नाही. आज सकाळी, इथे येण्यापूर्वी, तलासरीहून ईमेलने ती एकशे त्रेचाळीस छायाचित्रं आणि 'निवड माझी, चूकही माझीच' असं माझ्या सहीचं पत्र मी पुण्याला पाठवून दिलं आहे.