मैलाचा दगड आणि माझा दंडवत

तुम्ही हसाल, पण दुष्काळी कामाच्या साली ईट गावाजवळच्या आमच्या खेड्यात माझा नवस रस्त्यातच अडकला होता. थोरल्याचा ताप उतरू दे, गावाबाहेरच्या मैलाच्या दगडापासून देवळापर्यंत दंडवत घालत येईन, असं मी देवीला बोलले होते. चैत्रात फेडायला निघाले, तर रस्त्याच्या कामात तो दगड उपटलेला आणि गावाच्या बराच जवळ किलोमीटरचा नवा दगड रोवलेला.

हे म्हणाले, "सरकारनंच अंतर कमी केलंय. घाल इथनंच."

सासूबाई कडाडल्या, "मैल बोललीस ना? मग मैलच. देवीला किलोमीटर कळत न्हाय."

जुनी जागा कुणालाच नक्की आठवेना. उणं पडलं तर पोराला बाधेल, म्हणून माझा जीव खालीवर. शेवटी ह्यांनी कामावरच्या मुकादमाला विचारलं, "तो मैलाचा दगड टाकला कुठं?"

"त्यो व्हय? देवळाची पायरी मोडली होती, तिथं बसवलाय की."

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले.

"बघतीस काय? आईनं दगडच जवळ ओढून घेतलाय. घाल एक दंडवत आन् चल घरी, ऊन लई झालंय."