मंगळवार जाऊ दे

काय सांगू तुम्हाला, आमचं मूळ गाव देवगडकडचं, पण माझं सगळं आयुष्य इथे लालबागच्या चाळीतच गेलं. आमचे हे मिलमध्ये होते, मिल बंद पडली तशी मी मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढायला बसले, वर्षानुवर्षं तेच केलं. एकच मुलगी, शुभा. शिकली, कंपनीने अमेरिकेला पाठवली, तिथेच डॅनियलशी लग्न केलं. त्याच्या घरात सगळे राजकारणातले हो. आजा शहराचा महापौर, बाप तिथल्या विधानसभेत, मग हा निवडणुकीला उभा राहिला. आमच्याकडे कोण कधी चाळ कमिटीवर पण नव्हतं.

तर त्याच वर्षी यांना लकवा झाला. रोज फोनवर शुभाला विचारायचे, कधी येतेस, कधी येतेस. ती म्हणायची, बाबा, मंगळवारी मतदान आहे, बुधवारचं विमान पकडते. आणि हे रविवारी सकाळी चहा घेता घेता गेले.

शेजारची सुमन म्हणाली, काकी, शुभाला फोन लावते. मी म्हटलं, नको, मंगळवार जाऊ दे. तिला तिकडे नवऱ्याच्या बाजूला उभं राहायचंय, लोकांपुढे हसायचंय, बाप गेला कळल्यावर कशी हसेल ती? पुतण्याने अग्नी दिला. सोमवारी शुभाचा फोन आला, बाबांना दे म्हणाली. मी म्हटलं, झोपलेत. काय करणार, तोंडातून निघून गेलं.

डॅनियल निवडून आला. ती विमानतळावर निघाली तेव्हा मी फोनवर सांगितलं. ओरडली नाही, नुसती म्हणाली, आई, हे तू ठरवलंस? आली, दिवसकार्याला बसली, पण माझ्याकडे नीट बघितलं नाही. त्या मंगळवारचा तिचा स्टेजवर हसतानाचा फोटो सासरी भिंतीवर लावलाय, त्या खोलीत शुभा जेवायला बसत नाही, असं तिची मुलगी, माझी नात सांगते.

आता ती नात उभी राहतेय, चौथी पिढी. परवा व्हिडिओ कॉल केला, मोडकंतोडकं मराठी, आजी, आशीर्वाद दे. मी म्हटलं, निवडून ये बाय, सुखी राहा. मागे शुभा उभी, केस पिकले तिचे पण. तिला म्हटलं, सुमनला सांगून ठेवलंय, माझं काय झालं तर तुला लगेच कळवायचं, मतदान असो नाहीतर काय असो.

शुभाने फोन आपल्या हातात घेतला. मग म्हणाली, आई, जेवलीस?

जेवले नव्हते. नाही म्हणून सांगितलं. आता खोटं बोलायचं त्राण नाही राहिलं हो.