हिमनदीचं पन्हं

बर्फाचा विषय निघाला म्हणून सांगतो. पन्नासच्या दशकात मी आंजीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. एम.ए. झालो होतो, पण नोकरी कायम होणं एका तपासणीवर अडलं होतं. धडा होता हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याचा. पोरांना ते दिसावं म्हणून वर्ध्याहून बसने बर्फाची लादी आणवली, भुसा घालून पोत्यात गुंडाळलेली. उतरत्या फळीवर धाम नदीची वाळू पसरून ठेवली.

इन्स्पेक्टर साहेब हेडमास्तरांसोबत वर्गात आले. मी पोतं उघडलं, तर आत नुसता ओला भुसा!

"बर्फ कुठे आहे?" मी हेडमास्तरांना हळूच विचारलं.

"पन्ह्यात. साहेबाले गरम पन्हं देऊ काय? तुम्ही तं वाळूत घालून राह्यले होते!"

साहेबांनी ऐकलं. "म्हणजे हिमनदी मी प्यालो?"

"दोन गिलास, साहेब."

मी घाबरून ते पोतंच फळीवर पिळलं. पाण्याने वाळूत ओघळ कापला आणि वाहून नेलेली वाळू खाली पंख्यासारखी पसरवली. साहेबांनी वाकून पाहिलं, मान हलवली आणि तिसरा ग्लास मागितला.

नोकरी कायम झाली. धड्यामुळे की पन्ह्यामुळे, हे विचारायचं धाडस मात्र मला कधीच झालं नाही.