आवाज न करणारा टेम्पो

आमच्या दुसऱ्या टेम्पोचं कर्ज आईनं जवळपास घालवलंच होतं, सांगितलं का तुमाला?

धुराचे नियम कडक झाले अन् बाबांचे दोन्ही डिझेल टेम्पो पासिंगला अडले. एकाच्या जागी कर्ज काढून बॅटरीचा घेतला. दुसऱ्यासाठी बँकेचे साहेब ताडकळसला घरी आले. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "पहिला कसा चाललाय?"

बाबांच्या आधी आईच बोलली, "साहेब, दुसरा तसला नका देऊ."

साहेबांचा कप हातातच राहिला. "का हो मावशी, बिघाड आहे काही?"

"आवाजच न्हाई त्याला. जुना टेम्पो वेशीपाशी आला की ऐकू यायचा, मी तवा ठेवायचे. आता हे गुपचूप दारात येऊन उभे राहतेत अन् गार भाकर खातेत. इतक्या वर्षांत कधी गार वाढली न्हाई मी."

 बाबा साहेबांना म्हणाले, "तुमी कागद करा. तिचं मी बघतो."

आता बाबा वेशीपाशी दोनदा हॉर्न वाजवतेत अन् घरात तवा चढतो. दुसरा टेम्पो मी चालवतो. परवा मीबी तसाच दोनदा वाजवून आलो, तर तवा खुंटीलाच.

आई म्हणाली, "ह्यांचा हॉर्न कळतो मला."