सहभागी क्रमांक सात

दुसऱ्याच्या ओट्यावरचं बोलणं उचलायचं, छापायचं आणि वर त्याला अभ्यास म्हणायचं — लाजच उरली नाही लोकांना! लोकांना म्हणजे… मलाच म्हणतेय मी, भिकुअक्का. नको, चहा नको. तुम्ही शेंगा फोडत राहा. मी बसते इथंच खाली. फोनही राहू दे इथं.

मी मेघा — मागच्या वर्षी आले होते ना विद्यापीठातून, गावातली माणसं व्हॉट्सॲपवर काय बोलतात ते बघायला? बायकांच्या ग्रुपमध्ये घेतलंत तुम्ही मला. नाव कुठंच येणार नाही म्हटलं होतं. नाही आलं! 'सहभागी क्रमांक सात' लिहिलं, गावाचं नाव बदललं, साक्री तालुकासुद्धा काढून टाकला. फक्त ग्रुपवर तुम्ही बोललेलं वाक्य जसंच्या तसं ठेवलं — "बठ्ठा गावले फूल धाडस, मायले फोन नही." खाली अर्थही दिला: साऱ्या गावाला फूल पाठवतो, आईला फोन नाही. वाक्य बदलता आलं असतं? आलं असतं. सरांनी विचारलं, परवानगी आहे ना? मी हो म्हटलं. ग्रुप कोकिळाताईंचा, त्यांना विचारलं होतं, म्हणजे झालंच — असं वाटलं मला. खरं सांगू? नव्हतं वाटलं. तुम्हाला विचारलं तर नाही म्हणाल, याची भीती होती. परिषदेत त्या वाक्यावर टाळ्या पडल्या, अक्का — आणि मी हसून मान झुकवली.

मग कुणीतरी लेखाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. रोज सकाळी सुरतहून सुप्रभातचं फूल टाकणारा एकच — तुमचा प्रेमराज. लोक तुटूनच पडले. "आधी मायले फोन कर रे, फूलवाल्या!" तो ग्रुप सोडून गेला. मला वाटलं, निदान लाजेनं तरी फोन करेल. केला? …नाही. आणि फूलही बंद. तुम्ही त्या ग्रुपवर नाही, म्हणून रोज सकाळी कोकिळाताईंकडे जायचात ना, त्यांच्या फोनवर ते फूल बघायला? फूल आलं म्हणजे पोरगा धड आहे. मला आत्ता कळतंय हे. वर्षभर ग्रुप वाचत होते मी, अक्का, वर्षभर! आणि तुमचं ते वाक्य मी नुसती तक्रार समजले.

त्याचा नंबर मिळवलाय मी. आत्ता लावते, तुमच्यासमोर माफी मागते — तुम्ही नुसतं हॅलो म्हणा. नको? मग शिव्या तरी द्या. मागच्या वेळी किती बोलला होतात! लाल ठिपका दिसला की बोलणं रेकॉर्ड होतं म्हटल्यावर हसलात, पदर सारखा केलात. आज एक शब्द नाही…

"मेघा," पाण्याचा तांब्या घेऊन दारात आलेल्या कोकिळाताई म्हणाल्या, "तुना फोनवर तो लाल ठिपका चालूच शे वं."