ओरिकाच्या फणीचा तिसरा दात

"हॅलो? … हां आई, मीच. शेजारच्या रेवणसिद्धकाकाची जीप निघाली का? … दारातच उभी हाय? मग फणी टाकली का तिच्यात? … अगं केसाची न्हाई! माझी फणी! पाइपाची, लांबडी!"

नांदेडच्या होस्टेलच्या जिन्यात शिल्पा उभी होती. अंगात ओरिकाचा निळा झगा, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडाच. ही ओरिका म्हणजे एका जपानी मंगातली, चित्रांच्या साहसकथेतली, पोरगी. तिच्याकडं ना तलवार ना भाला. पाठीवर स्वतःपेक्षा उंच फणी. वादळ अंगावर आलं की ती त्याच्या जटा विंचरते आणि वादळाची शेळी होते. आज चार वाजता वेशभूषेची स्पर्धा. दोन वर्षं नुसत्या टाळ्या वाजवून आलेल्या शिल्पानं यंदा पहिल्यांदा नाव दिलेलं, आणि सुट्टीत घरी बनवलेलं हत्यार अजून उदगीरजवळच्या गावात. फणी आली नाही तर ओरिका कसली, निळ्या झग्यातली शिल्पाच ती.

"काय? पूजेत? … कुणी मांडली? … अप्पांनी! … हो, हो, खंडेनवमी हाय, मला ठाऊक हाय. विळा मांडा, कुऱ्हाड मांडा, तिफण मांडा. माझी फणी कशाला? … धुतली? आई, चंदेरी रंग हाय तिला! … कुंकूबी लावलं? … पाची बोटं?"

शिल्पानं कपाळावर हात मारून घेतला. कपाळावर ओरिकाची चंद्रकोर रंगवलेली होती, ती फिसकटली.

"अगं ऐक ना. पूजा झाली ना? मग उचल आन् टाक जीपमध्ये. … का न्हाई? … पुजलेलं हत्यार दसऱ्याची सकाळ होईस्तोवर उचलायचं नसतं, हो, पण ते हत्याराचं झालं! ही काय…"

इथं शिल्पाबाई अडकल्या. ‘खेळणं नाही, हत्यार आहे’ असं म्हणत महिनाभर घर डोक्यावर घेतलेलं कुणी? हिनंच. आता कुठल्या तोंडानं उलटं सांगणार? आणि तक्रार तरी कुणाची करणार, सख्ख्या बापाची? आपलेच दात, आपलेच ओठ.

"मुद्दाम केलं त्यांनी. … मुद्दामच! मी बनवून राहिले होते तेव्हा काय म्हणले? ‘हे कडबा ओढायचं दाताळं घेऊन कुणाचं खळं करायला चालली?’ सगळ्या गल्लीसमोर! … त्यांना अजूनबी दाताळंच वाटत असंल. … न्हाई, मी रडून न्हाई राहिले."

रडतच होती.

"आन् आता काय? … कोणता दात? … तिसरा? आई! तो मोडकाच असतो! डोंगरावरच्या लढाईत मोडला तिचा. वळख हाय ती तिची! … बाभळीचा? नवा बसवला? … ‘मोडकं हत्यार पुजत न्हाईत.’ वा! अगं, चंदेरी फणीत बाभळीचा दात! लोक हसतील ना मला! … काढा म्हणावं. आत्ताच्या आत्ता काढा! … कुठायत ते? … दारात? … रेवणसिद्धकाकाला काय सांगून राहिलेत?"

शिल्पा ऐकत होती. ऐकता ऐकता पायरीवर बसली.

"परत सांग. … ‘दाताळं न्हाई हे, माझ्या लेकीचं हत्यार हाय’? … अप्पा म्हणले? आपले अप्पा? … ‘ह्यानं वादळ विंचरतात’ … नावबी घेतलं? ओरिका? … त्यांना कुठून कळलं गं? … मी तुला वाचून दाखवायचे तेव्हा? ते तर तोंडावर टॉवेल टाकून पडलेले असायचे!"

तिनं फोन खाली धरला आणि झग्याच्या बाहीनं डोळे पुसले. महिनाभर अप्पांशी अबोला धरला होता, आणि टॉवेलाखाली माणूस जागं होतं. तिला लाज वाटली, आणि लई बरंही वाटलं.

"हां, हाय मी. … न्हाई, ऐकून राहिले. पण उचलत न्हाईत म्हणलीस ना? मग आता कसं? … काय म्हणले? … ‘लढाई आली तर नवमीलाबी उचलावं लागतं’ … असं म्हणले? … आन् कुणी उचलली? … त्यांनीच? … जीपमध्ये बसलेबी? फणी उभी धरून? … अगं जेवले तरी का? … बरं, बरं. डबा दे संगं. … आई, हळू आणा म्हणावं. … काय? आवाज तुटून राहिला तुझा. … अप्पा काय विचारून राहिलेत? … दात? … पकड हातात घेऊन बसलेत? … तू सांगितलंस? मी ‘काढा’ म्हणले ते? आई! सगळंच काय सांगतीस तू त्यांना! … थांबव, त्यांना म्हणावं… हॅलो? … आई? … हॅलो?"

फोन कट झाला होता. शिल्पानं पुन्हा आईला लावला, लागेना. मग तिनं अप्पांचा नंबर काढला. गेल्या महिन्याभरात त्याला बोट लागलं नव्हतं. पलीकडं जीपचा भोंगा आधी ऐकू आला.

"अप्पा? … मी. … काढला का दात? … नका काढू."